सोवळ्यातला ब्रश

“याला हात लावायचा न्हाई,” आत्ती म्हणाली. “मालकांनी मागितला तरी द्यायचा न्हाई. कळलं का?”

मी मान हलवली. त्या वर्षी मी सगळ्याच प्रश्नांना मान हलवायचे.

‘याला’ म्हणजे एका ब्रशाला. लाकडी मूठ, स्टीलच्या बारीक तारा, दिसायला आपल्या दात घासायच्या ब्रशाचा थोरला भाऊ. आत्तीने तो जेवणाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, कडी अडकवली आणि डबा खिडकीत नेऊन ठेवला. आमचं खरं जेवण मात्र कापडी पिशवीत, खुर्चीच्या पाठीला लटकत होतं. भाकरीला पिशवी आणि ब्रशाला डबा. वर्कशॉपातली माणसं म्हणायची, वैजयंताताईंचा ब्रश सोवळ्यात आहे, अंघोळ केल्याशिवाय शिवू नका. आत्ती हसायची, पण डब्याची कडी कधी उघडी राहायची नाही.

असं का, ते मी विचारलं नव्हतं. विचारायला तोंड उघडावं लागतं.

आता जे मला ओळखतात त्यांना हे पटणार नाही. मी सध्या दहावीत आहे आणि शाळेत माझ्याबद्दलची एकमेव तक्रार अशी आहे की ही बोलायला लागली की तास संपतो. पण दोन वर्षांपूर्वी, आठवीत, मी सांगलीला आत्तीकडे नवीन राहायला आले होते. आमच्या गावची शाळा सातवीला संपते. आत्ती म्हणजे माझ्या पप्पांची धाकटी बहीण. कुपवाडच्या एमआयडीसीत मगदूम मालकांच्या वर्कशॉपात ती वेल्डर आहे. पप्पांनी तिच्या हवाली माझी बॅग केली, बॅगेमागोमाग मला केलं, आणि सांगितलं की काही गडबड केली तर परत घेऊन जाईन.

पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, घरात धातूची कुठली कुठली भांडी असतात. मी हात वर केला. मी म्हटलं, जर्मलची पातेली. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मलच म्हणतात, सगळं गाव म्हणतं. वर्ग एवढा हसला की पुढच्या बाकावरच्या मुलीची वही खाली पडली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी ओठ दाबून धरले होते, ते मला दिसलं. त्या दिवसापासून मी शाळेत मान हलवायला लागले. मग सवय झाली आणि घरीही हलवायला लागले. माझं नाव स्वरांजली. वर्गाने त्यावरून काय काय विनोद केले असतील ते तुम्हीच करून बघा, मला पाठ आहेत.

तर तो फेब्रुवारीतला रविवार. वर्कशॉपला सुट्टी, आत माणसं दोनच. एक आत्ती आणि एक मी, कोपऱ्यातल्या स्टुलावर. मालकांची अट होती की पोरगी स्टुलावरून उठणार नाही, कशाला शिवणार नाही.

आणि हो, तिसरी आक्का.

आक्का हे मशीनचं नाव. ॲल्युमिनियम जोडायचं टिगचं मशीन, कपाटाएवढं, हिरव्या रंगाचं. रंग निम्मा उडालेला. चालू केलं की आधी खाकरायचं, मग गुरगुरायचं. वर्कशॉपात आत्तीच्या आधीपासून होतं. रस्त्याच्या पलीकडच्या वर्कशॉपात नवीन मशीन आलं होतं, सुटकेसएवढं, पुढे आकडे दाखवणारा स्क्रीन. पलीकडचे लोक म्हणायचे, त्या मशीनला नुसतं सांगायचं, ते आपलं आपण पत्रे शिवतं. आमचे मालक रोज एकदा तरी त्या बाजूला बघून उसासा सोडायचे. “ताई, हात कितीबी गोड असू दे,” ते म्हणायचे, “चूल जुनी असली की भाकरी करपायचीच.”

आत्तीचं म्हणणं एकच. मशीनला नावं ठेवायची नाहीत. काम बिघडलं की आधी आपला हात बघायचा, मग डोळा, मग आपण काय विसरलो ते आठवायचं, आणि तिन्हीत काही सापडलं नाही तर परत हात बघायचा. हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं.

त्या रविवारी नावेचा निकाल लागणार होता.

नाव म्हणजे होडी. नदीकाठच्या एका गावाला पुराच्या वेळी माणसं काढायला हलकी होडी हवी होती, ॲल्युमिनियमची. गावाच्या समितीचे प्रमुख होते शिकलगार गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांनी दोन वर्कशॉपं निवडली होती, पलीकडचं आणि आमचं. दोघांनीही त्यांच्यासमोर दोन पत्रे जोडून दाखवायचे आणि मग ते ठरवणार. पलीकडचे शनिवारीच दाखवून मोकळे झाले होते, आणि चांगलं झालं होतं असं ऐकू आलं होतं. आमच्या मालकांनी आत्तीला स्पष्ट सांगितलं होतं: नाव मिळाली तर आक्का राहील. नाही मिळाली तर आक्का भंगारात, ॲल्युमिनियमचं काम बंद, आणि ताई, तुम्ही खिडक्यांच्या जाळ्या करायच्या.

जाळ्या करण्यात वाईट काही नाही. पण आत्ती आयटीआयच्या वेल्डर ट्रेडला एकटी मुलगी होती. ॲल्युमिनियम हातात बसेपर्यंत तिने किती तुकडे जाळले होते ते तिलाच माहीत. ती नुसती ‘जाळ्या’ म्हणाली तरी तिचा आवाज खाली जायचा.

तिने दोन पत्रे घेतले होते, वहीच्या पानाएवढे. आणखी दोन जादा कापून बाजूला ठेवले होते. आधी पांढऱ्या फडक्यावर कसलंसं थंडगार, नेलपॉलिश काढायच्या औषधासारख्या वासाचं पाणी घेऊन तिने कडा पुसल्या. मग सोवळ्यातला ब्रश काढला आणि एकाच दिशेने कडा घासल्या, हलक्या हाताने, लहान बाळाचे केस विंचरावेत तशा. मग पत्रे स्वच्छ कागदावर ठेवले. मग ब्रश डब्यात, डबा खिडकीत, आणि मला ती ताकीद.

तेवढ्यात बाहेर मोपेड थांबली. मालक गुरुजींना घेऊन ऑफिसात गेले आणि आत्तीला हाक मारली. होडीचा नकाशा दाखवायचा होता.

मी, आक्का आणि दोन पत्रे उरलो.

मी पत्र्यांकडे बघितलं. आणि मला एकदम वाईट वाटलं. कडा पांढरट पडल्या होत्या, राख फासल्यासारख्या. आमच्या घरी पाहुणे येणार असले की आई पातेली अशी घासते की त्यात तोंड दिसतं. इथे एवढे मोठे पाहुणे आलेले, आत्तीची एवढी मोठी परीक्षा, आणि समोर ठेवायला हे निस्तेज पत्रे? आत्ती गडबडीत विसरली असेल. सहा-सात महिने मी तिच्या घरात खात होते, झोपत होते, मान हलवत होते. एक तरी काम तिच्यासाठी करावं, असं मला त्या क्षणी फार मनापासून वाटलं.

स्टुलावरून उठले. खिडकीतल्या डब्याकडे बघितलं. त्याला हात लावायचा नव्हता. मी फार गुणी मुलगी होते, लावलाच नाही.

भिंतीवर दुसरा एक तारेचा ब्रश लटकत होता. काळ्या मुठीचा, रुंद, लोखंडी गेटांचा गंज खरवडायचा. त्याबद्दल कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी तो घेतला आणि चारही कडा घासल्या, जीव लावून, पुढे-मागे, पुढे-मागे, दंड दुखेपर्यंत. बाकावरच्या चिंध्यांतली एक घेऊन पुसलं. पत्रे असे चकाकले की काय सांगू. पुन्हा कागदावर जसेच्या तसे ठेवले, ब्रश खिळ्याला लटकवला आणि स्टुलावर जाऊन हाताची घडी घालून बसले. पोटात कसा आनंद मावत नव्हता.

तिघं बाहेर आली. गुरुजी ठेंगणे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन आणि पेनाशेजारी खडूचा अर्धा तुकडा. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी खडू खिशात. मालकांनी त्यांच्यासाठी पंखा लावला. आत्तीने तो बंद केला, कारण वाऱ्याने वेल्डिंगवरचा गॅस उडून जातो. मालकांनी सवयीने पुन्हा लावला. आत्तीने पुन्हा बंद केला. गुरुजी म्हणाले, राहू द्या, घामाची सवय आहे.

मग ते आक्काजवळच्या लाकडी पेटीवर बसले आणि सांगू लागले. महापुराच्या वेळी ते शाळेच्या गच्चीवर होते, चाळीस माणसं, दोन दिवस. गावची जुनी होडी होती, लोखंडी. पण ती शेडमधून पाण्यापर्यंत न्यायला दहा बाप्ये लागायचे, आणि बाप्ये त्या दिवशी जो तो आपापल्या छतावर. “आम्हाला अशी होडी द्या, ताई, जी चार बायका उचलतील,” ते म्हणाले. आत्तीने मान डोलावली.

एरवी आत्ती काम सुरू करण्याआधी प्रत्येक तुकडा खिडकीच्या उजेडाला धरून बघते. त्या दिवशी मालक तिच्या कानाशी सारखे बोलत होते. सावकाश करा ताई, घाई नको ताई, पण फार वेळही लावू नका. तिने पत्रे जुळवले, शिकंज्यात धरले, हेल्मेट खाली ओढलं, पाय पेडलवर ठेवला. आक्का खाकरली आणि गुरगुरू लागली. मी माझ्या डोळ्यांपुढे काळी काच धरली.

मी हे पूर्वी पुष्कळदा बघितलं होतं. आत्तीच्या हातातल्या टॉर्चच्या, म्हणजे वेल्डिंगच्या नळीच्या, टोकाखाली पत्रा आधी ओला झाल्यासारखा दिसतो, मग तिथे एक थेंब तयार होतो, आरशासारखा स्वच्छ, गोल. आत्ती डाव्या हाताने बारीक कांडी त्या थेंबात बुडवते आणि मागे घेते, बुडवते आणि मागे घेते, आणि मागे शिवण उमटत जाते, घट्ट घातलेल्या वेणीसारखी. मला ते बघताना डोक्यावर कुणी हात फिरवल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी थेंब तयार झाला, पण गढूळ. त्यात काळे ठिपके पोहत होते, चहात मुंग्या पडाव्यात तसे. फट् असा आवाज झाला. कांडी थेंबात मिसळेना, गोळ्या होऊन बाजूला पडायला लागली. आत्तीने टॉर्च थोडा वर घेतला, थोडा खाली, वेग कमी केला, वाढवला. दोन बोटं शिवण झाली असेल आणि तिने पाय उचलला.

आक्का गप्प झाली.

शिवण काळी पडली होती. तिला भोकं होती, इडलीला असतात तशी.

आत्तीने हेल्मेट वर केलं. पत्र्याच्या न जोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. तिथे काळ्या मुठीचा ब्रश उलटा लटकत होता, तारा बाहेरच्या बाजूला. मग तिने माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ, पापणी लवेपर्यंत.

“काय झालं, ताई?” मालकांनी विचारलं.

“मशीनचं हाय, मालक,” आत्ती म्हणाली. “आक्का थकली.”

मला आधी काही कळलंच नाही. मी माझा तळहात बघितला. काळा झाला होता, त्या ब्रशाचा काळा. मी पुन्हा शिवणीकडे बघितलं. तोच काळा. मी मूठ मिटली आणि हात पाठीमागे लपवला.

मालकांचं सुरू झालं. ते कधीपासून सांगत होते, कोण ऐकतं, उद्याच भंगारवाल्याला फोन करतात, या जमान्यात असल्या डबड्यावर भरवसा ठेवला ही त्यांचीच चूक. गुरुजी उठले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मशीनचाच दोष असेल तर ताईंचा काय इलाज, ते म्हणाले. पलीकडे मशीन नवीन आहे, ते तिकडेच जातात, राग मानू नये.

आत्तीने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. केबल गुंडाळायला लागली. आक्काजवळून जाताना तिने तिच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं, हळूच, कुणाला दिसू नये असं. दवाखान्यात नेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातावर थोपटतात ना, तसं.

ते मला दिसलं. आणि ज्या बाईने मला आयुष्यात एकच पाढा शिकवला होता, तिने तो आत्ता चारचौघांत खोटा म्हटला, हेही कळलं.

गुरुजी दारापर्यंत पोचले होते.

“मी घासलं,” मी म्हटलं.

आवाज इतका बारीक आला की कुणी ऐकलाच नाही. मी स्टुलावरून उतरले.

“गुरुजी, आक्का चांगली हाय. जर्मल मी घासलं. त्या ब्रशानं.”

आणि तळहात पुढे केला. शाळेत छडी खायला करतात तसा.

आत्ती म्हणाली, “स्वरा, गप बस.” पण आता मला गप्प बसता येत नव्हतं. सात महिन्यांचं साठलेलं होतं, ते सगळं गावच्या भाषेत बाहेर आलं. पत्रे मळकट दिसत होते म्हणून घासले, पाहुणे यायचे होते म्हणून घासले, आई अशीच घासते, आत्तीनं ते डब्यातल्या चांगल्या ब्रशानं घासून ठेवले होते, आत्तीचा हात चांगला हाय, आक्का पण चांगली हाय, वाईट फक्त मी हाय, आणि पप्पांना सांगायचं असलं तर सांगा. शेवटी शेवटी मी रडत होते, पण बोलणं थांबवलं नाही. मला दोन्ही एकदम करता येतं, हा शोध त्या दिवशीचा.

मालक कपाळावर हात मारून पेटीवर बसले. गुरुजी परत आले. त्यांनी माझा तळहात धरून उजेडात बघितला, वही तपासावी तसा.

“डब्यात चांगला ब्रश होता म्हणतेस. तो का नाही घेतलास?”

“त्याला हात लावायचा नव्हता. तो सोवळ्यात हाय.”

गुरुजी हसले नाहीत. पण त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी वळून आत्तीला विचारलं, “ताई, तुम्हाला हे लगेच कळलं होतं ना?”

आत्ती केबलकडे बघत राहिली.

“जर्मलचा ब्रश सोवळ्यात ठेवायचं कारण काय, ते पोरीला सांगितलंत का कधी?”

“न्हाई,” आत्ती म्हणाली. “तिनं विचारलं न्हाई.”

“मग आता ती विचारती असं समजा. आणखी पत्रे आहेत?”

“दोन हायत.”

“या वेळी तिला घासू द्या. तुमच्या ब्रशानं.”

मालक काहीतरी म्हणायला गेले. गुरुजींनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. वर्गात बोलणाऱ्या मुलाकडे बघतात तसं बघितलं आणि मालक गप्प झाले.

आत्तीने खिडकीतला डबा आणला. कडी काढली. ब्रश माझ्या हातात दिला. आधी मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले होते, म्हणजे सोवळं काही अगदीच खोटं नव्हतं. मी घासायला लागले तशी ती बोलायला लागली. ॲल्युमिनियमवर एक साय असते, ती म्हणाली. दुधावर येते तशी, फक्त दिसत नाही. आतलं जर्मल जेवढ्या आचेला वितळतं त्याच्या तिप्पट आच त्या सायीला लागते. ती काढली नाही तर आत पाणी होतं आणि वर कातडं तसंच राहतं. म्हणून घासायचं, पण लोखंडाला कधी न लागलेल्या ब्रशाने. लोखंडाचा कण आणि तेलाचा डाग एकदा का आत रुतला की मग कुणाचाही हात असू दे आणि कुठलंही मशीन, ते सगळं वर उकळून येणार.

“पण मग चकाकत का न्हाई?” मी विचारलं.

“चकाकतं तिथं मळ आत दाबलेला असतो, बाळ. स्वच्छ झालं की असंच पांढुरकं दिसतं.”

मी एकाच दिशेने घासलं. बाळाचे केस. आत्तीने आक्काच्या टॉर्चमधली टंगस्टनची काडी काढली, घासून पुन्हा टोक केलं. पत्रे उजेडाला धरून बघितले, पहिला, मग दुसरा. मालक या वेळी कानाशी नव्हते, ते पंख्याच्या बटणावर हात ठेवून उभे होते, कुणी लावू नये म्हणून.

आक्का खाकरली. गुरगुरली. मी काच धरली.

थेंब आला. स्वच्छ. त्यात मला उजेडाचा एक ठिपका दिसला, डोळ्यात असतो तसा. कांडी आत, बाहेर, आत, बाहेर. वेणी पुढे पुढे जात राहिली आणि आत्तीचा खांदा, जो सकाळपासून कानाला चिकटला होता, तो सावकाश खाली आला.

गार झाल्यावर गुरुजींनी खिशातला खडू काढला. शिवणीच्या मागच्या बाजूला जाड थर दिला, आणि पुढच्या बाजूने रॉकेल लावायला सांगितलं. कुठे सुईएवढं भोक असेल तरी रॉकेल झिरपून खडूवर डाग पडतो. मग चहा आला. मी आयुष्यात इतका लांबलेला चहा बघितला नाही. मालकांनी बशीत ओतला आणि प्यायचाच विसरले. पंधरा मिनिटांनी गुरुजींनी पत्रा उलटा केला. खडू कोरा होता, पहिल्या दिवशीच्या वहीसारखा.

त्यांनी पत्रा शिकंज्यात धरून वाकवला. तडकला नाही.

“पलीकडचीही शिवण अशीच होती,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू. मशीन त्यांचं चांगलंय.”

मालकांनी बशी खाली ठेवली.

“पण होडीच्या शिवणी शंभर असतील. मी काय प्रत्येकीवर खडू लावत बसणार नाही. एखादी बिघडली तर मला कोण सांगणार, एवढंच मला बघायचं होतं. नाव इथंच करा.”

दाराशी गेल्यावर मागे वळून म्हणाले, “आणि ताई, पुढच्या वेळी पोरीला वाचवायला मशीनला बुडवू नका. पोर पोहती.”

घरी जाताना मी आत्तीच्या स्कूटीवर मागे बसले होते. कुपवाडचं फाटक लागलं, रेल्वे जायची होती. सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद झाली. मी विचारलं. सात महिन्यांत मी आपणहून विचारलेला तो तिसरा-चौथा प्रश्न असेल, आणि सगळे त्याच दिवशीचे.

“तू आक्काला नावं का ठेवलीस?”

आत्तीने आरशातून माझ्याकडे बघितलं.

“तुझं नाव घेतलं असतं तर तू उद्यापासून मानबी हलवली नसतीस,” ती म्हणाली. “मशीनला वाईट वाटत न्हाई.”

रेल्वे आली, लांबलचक मालगाडी. आम्ही दोघी डबे मोजत बसलो, ती मोठ्याने आणि मीही मोठ्याने. आमचा आकडा चार डब्यांनी चुकला आणि त्यावर आम्ही घरापर्यंत भांडलो.

होडी एप्रिलमध्ये झाली. तिच्या सगळ्या कडा मी घासल्या, शाळा सुटल्यावर, वार्षिक परीक्षेचा अभ्यास बुडवून. चार बायकांनी उचलून दाखवली, गुरुजींनी मुद्दाम बायकाच आणल्या होत्या. शाळेत मी बाईंना सांगितलं की जर्मलवर साय असते आणि ती तिप्पट आचेला वितळते. वर्ग हसला नाही. एकाने विचारलं, जर्मल म्हणजे? मी म्हटलं, तुम्ही त्याला ॲल्युमिनियम म्हणता. आता आमच्या वर्कशॉपातही स्क्रीनवालं मशीन आलंय. आत्तीने एक शिवण त्यावर घेतली, एक आक्कावर, आणि मालकांना विचारलं कुठली कशावरची ते ओळखा. मालकांनी चुकीचं ओळखलं. नव्या मशीनवर तिचा हात कमी दुखतो, हे मात्र ती कबूल करते. सुट्टीत मी तुकडे जोडायला शिकते. माझी वेणी अजून विस्कटलेली येते, आणि मी आधी हात बघते, मग डोळा.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते निकालाच्या रविवारनंतरच्या लगेचच्याच रविवारचं.

आत्ती बाहेर मालकांशी बोलत होती. वर्कशॉपात कुणी नव्हतं. मी स्टुलावर बसले नाही. आक्काजवळ गेले. तिच्या पत्र्यावर जिथे रंग उडालाय तिथे हात ठेवला. पत्रा सकाळचा थंड होता. मशीनला वाईट वाटत नाही हे मला पटलं होतं, अगदी पूर्ण पटलं होतं. तरी मी इकडे तिकडे बघितलं आणि म्हटलं,

“आक्का, माझ्यामुळं तुला बोल लागला. चुकलं माझं.”

हात तिथून काढला नाही. कशाची वाट बघत होते कोण जाणे.

“पुरे आता,” मागून आत्तीचा आवाज आला. “ऐकलं तिनं. जा, खिडकीतला डबा आण.”